सूर-कोडी: गाऊन बघितल्याशिवाय न सुटणारी

मंद्रसप्तक

मंडळी, शास्त्रीय संगीताची प्रश्नमंजुषा म्हटलं की अमक्या बुवांचे गुरू कोण, तमक्या रागाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, कोणता असलेच प्रश्न येतात, आणि हातात फोन असला की उत्तरं अर्ध्या मिनिटात मिळतात, कानाला काही कामच उरत नाही. मला वाटतं संगीतावरचं कोडं सोडवताना माणूस नकळत गुणगुणायला लागला पाहिजे. तशी चार कोडी करून आणलीयेत. पहिलं नुसता शब्दांचा खेळ आहे, दुसऱ्याला थोडं वाचन लागेल, तिसऱ्या-चौथ्याला पेटी नाहीतर गळा लागेल. नुसतं उत्तर टाकू नका प्लीज, कसे पोचलात ते सविस्तर लिहा.

१) सगळी कामे घरी ठेवून कुमार वाट बघत बसतो, डीन येतात अजब हार घालून, एका फीत कापायच्या समारंभाला. (पाच जण लपलेत. त्यातल्या तिघांचं घर एक, आणि घरमालक त्या तिघांतलाच.)

२) सासऱ्याला दर्शनाची आस, जावयाला प्रेमाची, शेवटी दोघंही प्रियकरच. जावई कुठल्या दरबारात?

३) पांढऱ्यांना शिवायचं नाही. तीनवर बसलात तर दिवे लागलेत, पाचवर बसलात तर रात्र निम्मी सरलीय, एकवर देवी बसलीय. दोनवर आणि चारवर कोण? आणि पॅरिसला जाऊन राहिलेल्या पोलंडच्या माणसाचा उजवा हात तीनवरच का रमला?

४) कोमल नी, ध, सा, शुद्ध नी. सा पांढरी एक. मल्हारात शोधाल तर नुसते भिजाल. सही पुरी झाली, कागद अपुरा राहिला.

झुमरा_१४

पहिलं मोठ्यानं वाचलं की पाच राग आपोआप ऐकू येतात. का-मे-घ-री मध्ये मेघ, कुमार वाट मध्ये मारवा, बसतो डीन मध्ये तोडी, अजब हार मध्ये बहार, एका फीत मध्ये काफी. आता घर, म्हणजे थाट, सुरांवरून ठरवलेलं रागांचं कूळ. मेघ, बहार आणि काफी हे तिघं काफी थाटातले, म्हणजे घरमालक काफी. मारवा आणि तोडी आपापल्या थाटांचे मालक असल्यामुळं वेगळे राहतात. वाक्यसुद्धा खरंच कुणी बोलेल असं झालंय हे भारी.

उत्तरांग

झुमराभाऊ, एक शंका. मेघात गंधारही नाही नि धैवतही नाही. सा रे म प आणि कोमल नी एवढ्यावर तो खमाज थाटातही बसेल की, मग घर काफीच कशावरून?

मंद्रसप्तक

रास्त शंका आहे. नुसते सूर मोजले तर मेघ दोन्हीकडं बसतो. पण थाटपद्धत मांडणाऱ्या भातखंड्यांनी दहा थाटांत राग वाटताना नुसती मोजदाद केली नाही, रागाचं अंगही बघितलं, आणि सारंग-मल्हार मंडळी त्यांनी बरीचशी काफीत ठेवली. म्हणून कोड्यात मी 'घर' म्हटलं, 'सूर' म्हटलं नाही. पाच-सहा सुरांचे राग थाटात बसवताना असं वाटपाचं काम करावंच लागतं, थाटपद्धतीवर टीका होते ती बहुतेक इथंच.

तिहाई

दुसरं माझं! आम्ही आग्रा गायकीच्या बंदिशी शिकतो त्यामुळं 'पिया' दिसला की कान टवकारतात. दर्शन म्हणजे दरस, प्रियकर म्हणजे पिया, झाला दरसपिया, म्हणजे अत्रौलीचे मेहबूब खां. त्यांचे जावई प्रेमपिया, म्हणजे उस्ताद फैयाज खां. दरबार बडोद्याचा. दोघांच्याही मुद्रा, म्हणजे रचनाकाराची टोपणनावं, बंदिशीत येतात, अंतऱ्यात कुठंतरी 'प्रेमपिया' आलं की समजायचं बंदिश कुणाची ते.

हे पिया प्रकरण किती मोठं आहे बघा. विलायत हुसेन खां प्राणपिया, खादिम हुसेन खां सजनपिया, आणि ठुमरीकडं गेलात तर अवधचे नवाब वाजिद अली शाह अख्तरपिया. त्याच्याही आधी सदारंग, म्हणजे मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातले नियामत खां, त्यांच्या कितीतरी ख्यालांत स्वतःच्या नावाला जोडून बादशहाचंही नाव येतं.

झुमरा_१४

तिहाईताई, यात जगन्नाथबुवा पुरोहितांचं गुणीदास घाला, आणि रातंजनकरांचं सुजान. भातखंड्यांच्या लक्षणगीतांत चतुर येतो तोही. मी तर म्हणतो मुद्रांवरच एक वेगळा संच होईल.

पांढरी_चार

तिसरं वाचलं आणि सरळ पेटी काढून बसले, कारण 'पांढऱ्यांना शिवायचं नाही' हे पेटीवाल्यांनाच सांगितल्यासारखं आहे. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. तेवढ्याच वाजवायच्या आणि सा मात्र दरवेळी दुसऱ्या काळीवर धरायचा.

काळी तीन सा धरली तर सा रे ग प ध, सगळे शुद्ध, म्हणजे भूप. देशकारही याच सुरांचा, पण तो सकाळचा आणि कोड्यात दिवे लागलेत म्हणून भूपच. काळी पाच सा धरली की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस, रात्र निम्मी सरल्यावरचा. काळी एकवर सा रे म प ध, दुर्गा, तीच देवी. उरले दोन. काळी दोनवर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी. आणि काळी चारवर सा रे म प कोमल नी, हा मधमाद सारंग.

एकाच पाच पट्ट्यांत पाच राग! मूर्च्छना, म्हणजे त्याच सुरांत सा हलवणं, पुस्तकात वाचलं होतं, पण हाताखाली असं एकदम आलं तेव्हा अंगावर काटा आला. कुणाला मुलांना शिकवायचं असेल तर काळ्या पट्ट्यांवरून सुरुवात करा, चुकायला जागाच नाही.

पोलंडचा माणूस शोपँ. त्याच्या ओपस १० मधला ५ वा एत्यूद, म्हणजे सरावाचा तुकडा, १८३३ साली छापलेला, सूर जी फ्लॅट, म्हणजे आपली काळी तीन. त्यात उजवा हात फक्त काळ्या पट्ट्यांवर पळतो. फक्त एकाच ठिकाणी एक पांढरी लागते, एफ, आणि पेटीवर ती पांढरी चार! माझ्या नावाची पट्टी, त्यामुळं हे मला कायम लक्षात राहणार.

कोमल_ऋषभ

चारवर मेघ का नको? सूर तेच ना, सा रे म प कोमल नी?

पांढरी_चार

सूर तेच. कोड्यातही चारसाठी वेळेचा काही इशारा नाहीये, त्यामुळं मला दोन्ही चालतील असं वाटतं. मंद्रसप्तक, काय म्हणता?

मंद्रसप्तक

दोन्ही मान्य, पण एकदा गाऊन बघा. त्याच सुरांत मधमाद गाताना तुम्ही सरळ चालता, रे म प नी सा, दुपारच्या उन्हासारखं लख्ख. मेघात मध्यमावरून ऋषभावर येताना मींड येते, म्हणजे सूर न तुटता घसरत येतो, ऋषभ जरा हलतो, आवाज खर्जाकडं ओढला जातो. पट्ट्या दाबून हा फरक कळणार नाही कारण पेटीला मींडच नाही. पेटी तुम्हाला दारापर्यंत नेऊन सोडते. त्या पुढं गळाच लागतो.

उत्तरांग

इथं एक भर घालतो. पेटी मींडेबद्दल गप्प राहते तशी आणखी एका गोष्टीबद्दल राहते. तंबोरा लावा, त्यावर भूप गा, सूर नैसर्गिक लागू द्या, म्हणजे ग सा-च्या सव्वापट, प दीडपट, रे नऊ-अष्टमांश, ध पाच-तृतीयांश. आता त्याच सुरांवर सा हलवत जा.

ग-ला सा मानलं, म्हणजे मालकंस, की सगळं स्वच्छ उतरतं, मध्यम बरोबर चार-तृतीयांश, कोमल ध बरोबर आठ-पंचमांश. पण रे-ला सा मानून मधमाद करायला जा, त्याचा पंचम म्हणजे मूळचा ध. त्याचं मूळच्या रे-शी गुणोत्तर येतं चाळीस-सत्तावीसांश, आणि खरा पंचम हवा दीडपट. पंचम थोडा उतरतो, ऐंशीला एक्क्याऐंशी एवढ्या फरकानं, म्हणजे एका अर्धस्वराच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. तंबोऱ्यावर ऐकवत नाही इतका बेसूर वाटतो. बरं, ध चढवून हे दुरुस्त करायला गेलात तर मधमाद सुधारतो पण तिकडं मालकंसाचा मध्यम चढतो. एकाची बाजू घेतली की दुसरा रुसतो.

धानीतही मध्यम असाच चढा येतो. दुर्ग्यात ऋषभ किंचित उतरतो. भूपाच्या चार भावंडांत एकटा मालकंस तेवढा कसल्याही तडजोडीशिवाय निघतो.

पांढरी_चार

उत्तरांग, हे वाचून मी पेटी बाजूला ठेवली आणि मोबाईलच्या तंबोऱ्यावर करून बघितलं. भूप गात गात ऋषभावर थांबले, तंबोरा त्या सुराला लावून घेतला, आणि मघाचाच ध पंचम म्हणून धरून ठेवला. खरंच लागत नाही. गळा आपोआप वर सरकायला बघतो. हे इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

तिहाई

कोड्याच्या उत्तरातून दुसरंच कोडं निघालं की हे. शोपँच्या त्या तुकड्यात मग भूप ऐकू येतो का? मी आत्ता ऐकला, मला अजिबात भूप वाटला नाही.

मंद्रसप्तक

वाटणार नाही, कारण डावा हात पांढऱ्या पट्ट्यांवरही जातो आणि खालची सगळी सोबत बदलत राहते. उजव्या हाताचे सूर भूपाचे असले तरी गंधारावर न्यास, म्हणजे विसावा, नाही, धैवताकडून सा-कडं येणं नाही, सूर थांबतच नाहीत कुठं. सूर सापडले म्हणजे राग सापडला असं नसतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही, म्हणून तर तो प्रश्न जोडला होता.

झुमरा_१४

चौथ्यावर कुणीच बोलेना. मी सांगू? मियां मल्हार. दोन्ही निषाद शेजारी शेजारी, मध्ये धैवत, दुसरं काय असणार? 'मल्हारात शोधाल तर भिजाल' हा मुद्दाम फसवा क्लू आहे, म्हणजे उत्तर मल्हारच.

उत्तरांग

झुमराभाऊ, गाऊन बघा. मियां मल्हारात काय येतं? कोमल नी, ध, शुद्ध नी, सा. निषाद वर चढत सा-ला जाऊन टेकतो. बहारातही हीच जागा येते, तिथं गती वेगळी. कोड्यातला क्रम आहे कोमल नी, ध, सा, आणि मग शुद्ध नी. सा आधी येऊन गेला आणि शेवटी निषाद लोंबकळत राहिला. आपल्या कुठल्याच मल्हाराचा मुक्काम असा निषादावर होत नाही. मी दहा वेळा गुणगुणलं, प्रत्येक वेळी वाटतं कुणीतरी वाक्य अर्धं सोडून उठून गेलं.

पांढरी_चार

कुणीतरी अर्धं सोडून उठून गेलं!! उत्तरांग, तुम्हीच सोडवलंत की हो.

पांढरी एक म्हणजे सी. मग कोमल नी म्हणजे बी फ्लॅट, ध म्हणजे ए, सा म्हणजे सी, शुद्ध नी म्हणजे बी. आता जर्मन लोक बी फ्लॅटला नुसतं बी म्हणतात आणि आपल्या शुद्ध नी-ला एच म्हणतात. वाचा क्रमानं: बी, ए, सी, एच. बाख, जर्मन रचनाकार! स्वतःचं आडनाव सुरांत लिहिलं, ही झाली सही. आणि अपुरा कागद म्हणजे त्याच्या आर्ट ऑफ फ्यूगमधला शेवटचा फ्यूग, म्हणजे एकेक आवाज मागून येऊन तोच विषय म्हणतो अशी रचना. त्यात तिसरा विषय म्हणून हे चार सूर येतात आणि थोड्याच वेळात, २३९ व्या मात्राखंडाशी, हस्तलिखित तुटतं.

मंद्रसप्तक

शंभर टक्के बरोबर. बाख गेला २८ जुलै १७५० ला. त्याच्या मुलानं, कार्ल फिलिप इमॅन्युएलनं, त्या पानावर लिहून ठेवलंय की हा फ्यूग लिहिताना, बाख हे नाव विषय म्हणून आलं तिथंच, रचनाकाराचा मृत्यू झाला. ती नोंद किती शब्दशः घ्यायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काहींचं म्हणणं हे पान मृत्यूच्या बरंच आधीचं आहे. पण कागद अपुरा आहे हे डोळ्यांना दिसतंच.

आणि झुमराभाऊंच्या मल्हाराशिवाय हे कोडं अर्धं राहिलं असतं. दोन निषादांत धैवत ऐकला की आपला कान मल्हाराकडंच धावणार, धावलाच पाहिजे, तसं संगीत आपल्यात मुरलंय. त्यानंतर क्रम नीट गायला की कळतं इथं दुसऱ्याच मातीचं काहीतरी आहे. कोडं रचताना मी हाच एक विचार करतो, चुकीचं उत्तरही गाण्याजोगं पाहिजे, म्हणजे चुकणाऱ्याच्याही हातात काहीतरी पडतं.

कोमल_ऋषभ

मला इथं थोडं वेगळं म्हणायचंय. गाऊन सुटणारीच कोडी खरी असं धरलं तर आपल्या संगीतातल्या माणसांचं काय? त्यांच्या आयुष्यात इतकं विलक्षण भरलंय की त्यावर कोडी झालीच पाहिजेत. ही दोन घ्या.

५) तंबूत घोडे, तंबूत ग्वाल्हेर. रिंगणातल्या शिष्यानं गुरूचं ऋण गुरुपुत्र सांभाळून फेडलं.

६) ती गेली तेव्हा तिचा आवाज प्रवासाला निघून अकराच दिवस झाले होते. जाताना तो विचारत होता, कुठं निघालास?

झुमरा_१४

पाचवं मी घेतो, मल्हाराचं उट्टं काढतो. रिंगणातले शिष्य म्हणजे विष्णुपंत छत्रे, आपल्याकडची पहिली सर्कस काढणारे. त्याआधी ते ग्वाल्हेरला हद्दू खांसाहेबांकडं गाणं शिकले. गुरुपुत्र रहिमत खां, भूगंधर्व. त्यांचं मन थाऱ्यावर नसे, आयुष्य विस्कटून गेलेलं, त्यांना छत्र्यांनी सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं आणि गायला लावलं. उतारवयातल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, आवाज तसा वयाचा आहे पण सूर लागतो तो ऐकून बघा, कोडं बाजूला ठेवा नि ते ऐका.

तिहाई

सहावं केसरबाई! सूरश्री केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहां हो'. व्हॉयेजर अंतराळयानावरच्या सोनेरी तबकडीत आहे ती. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवस. हे दोन दिनांक मी कधी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते. सूर्यमालेच्या बाहेर पोचला आता तो आवाज.

उत्तरांग

एक बारकावा. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ आंतरतारकीय अवकाशात शिरलं हे खरं, पण सूर्याच्या गुरुत्वाच्या हद्दीतून बाहेर पडायला त्याला अजून हजारो वर्षं लागतील. म्हणून 'सूर्याच्या वाऱ्यापलीकडं पोचला' म्हणूया. आणि दोन याने आहेत, व्हॉयेजर २ आधी सुटलं, २० ऑगस्टला, त्यामुळं कोड्यात 'अकराच दिवस' हे पहिल्या यानाला धरून.

त्याच तबकडीवर बाखही आहे, तीन तुकडे. चौथ्या आणि सहाव्या कोड्यातली मंडळी एकाच तबकडीवर निघालीयेत.

मंद्रसप्तक

कोमल_ऋषभताई, तुमचं म्हणणं पटलं. फक्त एवढंच म्हणेन की सहाव्यातही शेवटी बंदिशीचे बोल माहीत असल्याशिवाय 'कुठं निघालास' सुटत नाही, म्हणजे ते कोडंही ऐकणाऱ्याचंच आहे. तुमच्याकडून एक सुराचं येऊ द्या ना.

कोमल_ऋषभ

माझ्या नावाच्या सुराचंच देते मग.

७) तीन बहिणी, घर एक, सूर एकच, तिघींचा पंचमाशी अबोला. एक पायथ्याशी रमते, एक कळसावर. मधली सा म्हणायचीच टाळाटाळ करते.

उत्तरांग

पूरिया, सोहनी, मारवा. मारवा थाट, कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पूरिया मंद्रात आणि पूर्वांगात, म्हणजे खालच्या सुरांत, रमतो, वादी गंधार. सोहनीचं सगळं लक्ष तार सा-कडं, वादी धैवत, वेळही रात्रीचा शेवट. मारव्यात ऋषभ-धैवतावर राहायचं आणि सा लांबवत न्यायचा.

तुम्ही तिघींना बहिणी म्हटलंत ते छान, पण नुसतं सूर लिहून दिले असते तर तिघींत फरक करता आला नसता. वादी वाचूनही पुरता येत नाही. मारव्यात सा किती वेळ टाळायचा हे कुठल्या पुस्तकात लिहिणार?

कोमल_ऋषभ

हो ना, आणि टाळायचा म्हणजे विसरायचा नाही, हे शिकायला मला फार वेळ लागला. तंबोरा सा वाजवतोच आहे. तुम्ही नी-वरून सरळ कोमल रे-वर जाता, ध-वर थांबता, ऐकणाऱ्याला सा-ची तहान लागते, आणि मग कधीतरी तो येतो. तो लवकर आला तर लगेच पूरिया डोकावतो. मारवा गाणाऱ्याची परीक्षा त्या थांबण्यात आहे असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी एकटं बसून निदान अर्धा तास आलाप करून बघा कुणीतरी, नुसता आलाप, बंदिश नको.

झुमरा_१४

आपण सह्यांवर थांबलो होतो ना, तिहाईताईंचे पिया आणि तो बाख. सुरात सही करणारा दुसरा कुणी आहे का?

पांढरी_चार

आहे की. घ्या.

८) सा पांढरी एकच. रे, कोमल ग, सा, शुद्ध नी. तीन दिवसांत लिहून झालं, आणि सही पहिल्या सुरापासून आहे.

तिहाई

कोमल ग नि शुद्ध नी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पिलू वाजायला लागला. पिलूत ग रे सा नी असं उतरतात, नी मंद्रातला शुद्ध. पण इथं रे आधी आलाय, मग ग, मग एकदम सा. पटदीपात बघितलं, तिथंही हा क्रम बसेना. म्हणजे पुन्हा जर्मन अक्षरं?

उत्तरांग

पुन्हा जर्मन. रे म्हणजे डी, शुद्ध नी म्हणजे एच, सा म्हणजे सी. कोमल ग म्हणजे ई फ्लॅट, त्याला ते एस म्हणतात. डी, एस, सी, एच. रशियन रचनाकार दिमित्री शोस्ताकोविच, नावाचं आद्याक्षर आणि जर्मन पद्धतीनं लिहिलेल्या आडनावाची सुरुवात. रचना ८ वं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची, १२ ते १४ जुलै १९६०. सुरुवातीलाच चेलो एकटा ते चार सूर घेऊन येतो आणि मग बाकीचे एकेक येऊन तेच म्हणतात. तिहाईताई, पिलूतून तिथं पोचलात हे फार आवडलं, दोन्हीकडं तो शेवटचा निषाद दुखरा आहे.

मंद्रसप्तक

सह्यांमधलं शेवटचं माझं.

९) गाणं संपतं आणि ती स्वतःचं नाव सांगते, तेही इंग्रजीत. श्रोत्यांना ते ठाऊकच होतं. मग कुणासाठी?

तिहाई

गौहर जान! 'माय नेम इज गौहर जान'. १९०२ चा नोव्हेंबर, कलकत्ता, ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गायस्बर्ग आला होता तेव्हाची मुद्रणं. ध्वनिमुद्रण इथं व्हायचं आणि तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगारांना कुठली भाषा, कुठला राग, कोण गातंय काही कळायचं नाही, म्हणून शेवटी नाव सांगून ठेवायचं, म्हणजे बरोबर चिठ्ठी लागेल. सदारंगाची मुद्रा बंदिशीच्या आत होती, ती ताल-सुरात बसवावी लागायची. गौहरची मुद्रा गाण्याच्या बाहेर आली, तीन-साडेतीन मिनिटांत सगळं मावायचं असताना त्यातले काही क्षण त्यासाठी राखून ठेवायचे. नाव सांगतानाचा तिचा तोरा ऐका, ते सांगणंसुद्धा गाण्याचाच भाग वाटतो.

मंद्रसप्तक

अगदी हेच. झुमराभाऊ, सगळं सुरांचंच चाललंय, तालाचं एकही आलं नाही. तुमच्या नावाला चौदा आहेत, तुमच्याकडून येऊ द्या.

झुमरा_१४

वाटच बघत होतो.

१०) चौघांना प्रत्येकी चौदा मिळाले. एकानं जोड्या लावून ठेवल्या. दोघांनी तीन-चार, तीन-चार असे सारखेच ढीग केले, पण त्यातला एक ख्यालाला बसला आणि एक होरीला. चौथ्यानं सुरुवातीलाच पाच उचलले. ठेका न लिहिता चौघांची नावं सांगा.

पांढरी_चार

जोड्या लावणारा आडा चौताल, दोन-दोनचे सात विभाग. ख्यालाला बसलेला झूमरा, तो तुम्हीच. होरी म्हणजे धमार. मग पाच उचलणारा कोण राहिला? दीपचंदी?

कोमल_ऋषभ

होरी म्हटलं की धमार आठवणारच, होरी-धमार जोडीनंच म्हणतो आपण. पण हातावर टाळी देऊन बघा. धमार पाच, दोन, तीन, चार असा चालतो, पहिला विभाग पाच मात्रांचा, म्हणजे पाच उचलणारा तो. तीन-चार तीन-चार करून होरीला बसलेला दीपचंदी, त्यात ठुमरी अंगाची होरी गातात. दीपचंदी आणि झूमरा कागदावर जुळे दिसतात, पण झूमरा विलंबित ख्यालाबरोबर इतका संथ जातो की मात्रा मोजायला गेलं तर मध्येच हात सुटतो, आणि दीपचंदीत पाय आपोआप हलतो.

झुमरा_१४

बरोब्बर. पांढरी_चारताई, आता त्या दोन्ही होऱ्या ऐका, एक धमारातली पखवाजावर आणि एक दीपचंदीतली तबल्यावर, रंग तोच, चाल किती निराळी. मिळाल्या की सांगा, पुढची कोडी तिथूनच काढू.